प्रकरण अकरावे : टेकलेला पाय

"इथं. इथंच थांबवा," मिस्टर संटर म्हणाले आणि क्लेमने तिसऱ्यांदा चित्र थांबवलं.

टीव्हीच्या काचेवर एमॉस ऑल्डरसन वॉशफोल्डच्या ओढ्यातल्या कातळावर थिजला. चोवीस वर्षांचा, डोक्यावर लोकरीची टोपी, छातीवर इंग्रजी 8 नंबर, थॉर्नली मोटरसायकलच्या पायदानांवर ताठ उभा. त्याचा बूट आणि खालचा खडक यांच्यामध्ये वीतभर उजेड होता. गेल्या फेब्रुवारीत ज्याला पुरलं, तो माणूस ऑक्टोबरातल्या रविवारी दुपारी स्वतःच्याच दिवाणखान्यात असा अधांतरी उभा राहिलेला पाहून घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने मान दुसरीकडे वळवली होती. क्लबचे मिस्टर संटर तेवढे निश्चिंत होते. ते एमॉसला भेटलेच नव्हते.

"डावा पाय," त्यांनी पेनाच्या टोकाने काच ठोकली. "पहिल्या सेकंदापासून अकराव्यापर्यंत वर. आणि मिसेस ऑल्डरसन, तुमच्या कार्डावर काय आहे? 'आठ. डावा पाय. एक.'"

"मी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे," हॅना म्हणाली. "आयुष्यात तेवढंच तर लिहिलं, जे लोकांनी वाचलं."

क्लेमची बायको डिलिस हसली आणि लगेच थांबली. तिने सासूच्या बशीत फळांच्या केकचा तुकडा आणि त्यावर चीजची चकती ठेवली. हॅनाने ती बोटांनी चाचपून नीट मध्यावर आणली. तिच्या नजरेच्या ऐन मधोमध तीन वर्षांपासून धुकं बसलं होतं; कडेकडेचं तेवढं दिसे. माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाच्या दिशेने पाही आणि नव्या माणसाला वाटे की म्हातारीला आपण आवडलेलो नाही.

टेबलावर, चहाची किटली आणि हॅमची थाळी यांच्यामध्ये, क्लबचा छापील अर्ज पडला होता. रेवनगिल ट्रायल या मोटरसायकल स्पर्धेच्या नियमावलीत, जिच्यात मेंढरांच्या फाटकांपासून बिअरच्या तंबूपर्यंत सगळ्यांची तरतूद आहे, चौदावा नियम दोन ओळींचा आहे: पंचाची खूण अंतिम, ती बदलायची तर त्याच पंचाने, स्वतःच्या सहीने. एकोणीसशे अठ्ठावन्न साली लिस्टर फॉसेट चौदा दंडांवर जिंकला आणि एमॉस ऑल्डरसन पंधरावर दुसरा आला. वेगाला त्या खेळात किंमत नाही. चिखल, ओढा, कातळ यांतून गाडी न थांबवता आणि पाय न टेकवता न्यायची, एवढंच. पाय एकदा टेकला तर एक दंड, वरचेवर टेकला तर तीन, गाडी थांबली तर पाच; दंड सारखे झाले तर ज्याचे बिनदंडाचे टप्पे जास्त, तो जिंकला. वॉशफोल्डच्या टप्प्यावर पंच म्हणून उभी होती बावीस वर्षांची हॅना मेटकाफ. ती तीन आठवड्यांपासून एमॉसबरोबर फिरते आहे हे सगळ्या दरीला माहीत होतं आणि तिने त्याला एक दंड दिला हे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी लग्न केलं. दरीला हे कधीच उमगलं नाही.

आता त्या वर्षाला साठ वर्षं होत होती. मिस्टर संटरांच्या काकांच्या माळ्यावर फिल्मची रिळं सापडली होती, शहरातल्या एका दुकानाने ती तबकडीवर उतरवून दिली होती आणि पुढच्या रविवारी, ट्रायलच्या दिवशी, कप एमॉसच्या नावाने द्यावा असं समितीने एकमताने ठरवलं होतं. अडलं होतं ते एका सहीवर.

"क्लब तुम्हाला दोष देत नाही," मिस्टर संटर म्हणाले. "धुकं, पाऊस, वय लहान. आणि डोळ्यांचं काय, डोळे फसवतातच."

"तेव्हा माझे डोळे चांगले होते हो."

"अर्थात. पण फिल्म ती फिल्म."

हॅनाची मुलगी थर्झा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने कप बशीत ठेवला. आवाज थोडा मोठाच झाला. लीड्सच्या विद्यापीठात तिने तीस वर्षं मठांच्या बनावट सनदा ओळखण्यात घालवली होती. बाराव्या शतकातला एखादा साधू देवासाठी शेजाऱ्याचं कुरण लाटताना किती निर्मळ मनाने खोटी मोहोर उठवतो, हे तिच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल. लबाडांचा तिला राग येत नसे. त्यांना निदान आपण काय करतो ते कळत असतं. तिचा राग सद्भावनेने केलेल्या खोट्यावर होता. तो थंड होता, जुना होता, आणि त्यावर तिची दोन पुस्तकं उभी होती. आज दिवाणखान्यात सद्भावना इतकी दाटली होती की खिडकी उघडावी असं तिला वाटत होतं. परगावाहून आलेला, दरीत अवघी नऊ वर्षं काढलेला एक सज्जन माणूस बाईच्या साक्षीपेक्षा अकरा सेकंदांचं चित्र खरं मानत होता आणि त्याला वाटत होतं की आपण भेटवस्तू घेऊन आलो आहोत.

"एकदा पुन्हा लावतोस, क्लेम?" ती म्हणाली.

भावाने तिच्याकडे पाहिलं. मग लावलं.

या खेपेला तिने वडिलांकडे पाहिलंच नाही. सनद वाचताना ती आधी समास वाचायची. चित्राच्या समासात, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, रेनकोट घातलेली एक मुलगी कार्डाची फळी छातीशी धरून उभी होती. आठ नंबर पुढून गेला, तिने मान खाली घातली आणि कार्डावर खूण केली.

डाव्या हाताने.

थर्झाने आईकडे पाहिलं. हॅना उजव्या हाताने केकचा चुरा गोळा करत होती. याच उजव्या हाताने तिने पावाचं पीठ मळलं होतं, मेंढ्यांवर खुणा केल्या होत्या आणि थर्झाच्या पाठीत दोनदा, योग्य कारणासाठी, धपाटे घातले होते.

"गाडी बाहेर काढायला हवी," क्लेम एकदम उठत म्हणाला. "मिस्टर संटरना फोटो हवाय ना. थर्झा, दार धरायला ये."

शेडचं दार धरायला आजवर कधी कोणी लागलं नव्हतं.

आत तेल, लोकर आणि ओल्या दगडाचा वास होता. क्लेमने चादर ओढली. ब्रॅडफर्डच्या एका गल्लीत दोघा थॉर्नली भावांनी अशा अकरा गाड्या हातांनी बांधल्या आणि मग दुकान बंद करून एकाने कोंबड्या पाळल्या, दुसऱ्याने चर्चचा ऑर्गन वाजवला. त्यांपैकी चार आज शिल्लक आहेत आणि ही बांधणीतली सातवी. एकच सिलिंडर, साडेतीनशे सीसी, ॲल्युमिनियमची टाकी. इंजिनाच्या पोटाखाली पोलादी पत्रा, त्यावर दरीतल्या प्रत्येक ओढ्याची सही. छपन्न सालच्या ट्रायलमध्ये तिसरी. सत्तावन्न साली माळावर साखळी तुटली आणि एमॉसने ती सात मैल ढकलत आणली, कारण ढकलून का होईना, शेवटापर्यंत आलेल्याची नोंद होते. एकोणसाठ साली स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्पर्धा तिने गिअरच्या दांडीऐवजी पाना बांधून पुरी केली. मग स्पेनमधून निम्म्या वजनाच्या गाड्या आल्या आणि इंग्लंडभरच्या असल्या सगळ्या जड, शहाण्या गाड्या शेडमध्ये गेल्या. या गाडीच्या उजव्या कुशीला, गुडघ्याच्या उंचीवरून मागे जाणारा सायलेन्सर होता. दर शनिवारी पुसून तो निळसर झाला होता.

थर्झाने त्यावर हात ठेवला. "उजवीकडे," ती म्हणाली.

क्लेमने चादरीची घडी घातली. ती पुन्हा मोडली.

"तूही पाहिलंस."

"पहिल्याच वेळेला," तो म्हणाला. "दुकानवाल्यानं फिल्म उलटी भरली. आरशातल्यासारखं झालंय सगळं. आठ उलटा केला तरी आठच, म्हणून त्या संटरला कळलं नाही. त्यानं थॉर्नली पाहिलीय कुठे? तू कशावरून?"

"आई डाव्या हातानं लिहीत होती."

"हो का?" त्याला हसू आलं. "ते नव्हतं बघितलं मी."

"दिसतोय तो उजवा पाय, क्लेम. डावा पलीकडे आहे, आईच्या बाजूला. तो फक्त तिलाच दिसत होता. साठ वर्षांपूर्वी आणि आजही."

"माहितेय मला."

"आणि तू गप्प बसलास."

"बसलो." तो गाडीकडे बघत बोलत होता. "शेवटचे तीन महिने मी भरवलंय बाबांना. तू रविवारी यायचीस, फुलं आणायचीस. टोमणा नाही मारत, खरं तेच सांगतोय. आयुष्यभर कोणीही विचारलं, एमॉस, पाय टेकला होता का रे, की एकच उत्तर: पंचाला विचारा. पबमध्ये तेच, चर्चच्या दारात तेच. मी बारा वर्षांचा असताना विचारलं तर मलाही तेच. त्यात कडू काहीच नव्हतं असं तू म्हणू नकोस मला. एकदा मिळू दे त्यांना. एकदाच."

"आणि आईला काय मिळू दे?"

"आई सही करायला तयार आहे!"

"कारण तिला तू आणि त्या संटरनं मिळून पटवलंयत की ती चुकली. मेलेल्याला कप आणि जिवंत बाईला खोटी ठरवायचं, हा तुमचा सत्कार?"

"मग जा ना, सांग आत जाऊन. त्यातच तर हात बसलाय तुझा. दर ख्रिसमसला येतेस आणि घरातलं काहीतरी खोटं ठरवून जातेस. गेल्या वर्षी आजीचं पुडिंग डब्यावरची कृती उतरवून केलेलं निघालं."

"डब्यावरूनच होतं ते."

"होतं गं! पण आम्ही खात होतो ना सुखानं!"

दोघं एकाच वेळी हसली. एकमेकांवर रागावलेली असताना हसावं लागलं याचा दोघांनाही मग आणखी राग आला. थर्झाच्या ध्यानात आलं की भावाच्या हातांवर वडिलांच्या हातांसारखेच डाग उमटू लागले आहेत. खोटं उघडं करणं तिला उत्तम येत होतं. उघडं झाल्यावर त्याच माणसांत बसून दुसरा कप चहा घेणं मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. विद्यापीठात त्याची कधी गरजही पडली नव्हती.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"काय?"

"तू पाहिलंस आधी. तू सांग. नाहीतर नको सांगूस. पण ती सही करताना तू तिच्यासमोर उभा राहा."

ती दोघं परतली तेव्हा डिलिस उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी मिस्टर संटरना तेच सांगतेय," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं नाव त्या कपावरून पुसलं गेलं तर मला वाईट वाटणार नाही. लिस्टर फॉसेटची मुलगी म्हणून मी या घरात चौतीस वर्षं तो एक दंड घेऊन नांदतेय. कोणी बोललं नाही कधी. एमॉस तर नाहीच. लग्नात त्यांनी मला थॉर्नलीवर बसवून चर्चच्या दारात आणलं. पण दर ऑक्टोबरात या घरात दोन दिवस शांतता असते आणि मी भांडी जरा हळू घासते. जाऊ दे तो कप. हॅना, करा सही. सुटू दे सगळ्यांनाच."

"बाई गं," हॅना तिच्या कानाच्या दिशेने पाहत म्हणाली, "ती शांतता तुझ्यासाठी नसायची. मेंढे विकायचे दिवस असतात ते. एमॉसला मेंढ्यांचा लळा होता."

डिलिस खाली बसली. चौतीस वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं तर माणसाला हलकं न वाटता जरा फसवल्यासारखंच वाटतं आणि तिला तसंच वाटत असावं.

मिस्टर संटरांनी पेन उघडून हॅनाच्या बोटांत दिलं आणि अर्जावरची जागा दाखवण्यासाठी तिचं मनगट हलकेच धरलं. थर्झाने खुर्चीचा हात घट्ट पकडला. क्लेम टीव्हीपाशी, ठरल्याप्रमाणे, आईसमोर उभा होता.

"सही करते," हॅना म्हणाली. "मी त्याच्यावर अन्याय केला असेल तर करायलाच हवी. पण पंच आहे मी. मला दिसत नाही, तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी का होईना, एकदा बघून करीन. क्लेम, लाव."

क्लेमने लावलं.

"सांग मला."

"बाबा पाण्यातून वर येतायत. टोपी आहे. कातळावर चढतायत."

"पाय?"

"वर आहे, आई."

"गाडी सबंध दिसतेय?"

"हो."

"सायलेन्सर दिसतोय?"

मिस्टर संटर सौजन्याने हसत होते. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. क्लेम ऑल्डरसनने, ज्याने वयाच्या सातव्या वर्षापासून दर शनिवारी तो सायलेन्सर पुसला होता, आधी बहिणीकडे पाहिलं. तिने मदत केली नाही. मग त्याने काचेतल्या त्या चोवीस वर्षांच्या माणसाकडे पाहिलं, जणू त्याची माफी मागत होता.

"दिसतोय," तो म्हणाला. "पूर्ण दिसतोय, आई."

"मग तो डावा पाय कसा असेल, बाळ?"

"नाही. तो डावा नाही."

"माफ करा," मिस्टर संटर म्हणाले, "माझ्या लक्षात—"

हॅनाने पेन खाली ठेवलं, जराही संकोच न करता घोटा स्टुलावर टाकला आणि लोकरी मोजा गुडघ्यापासून खाली ओढला. उजव्या पोटरीवर, बशीतल्या चमच्याएवढा, चकचकीत पांढरा डाग होता.

"थॉर्नलीला मागे सीट नव्हती," ती म्हणाली. "मडगार्डवर पोतं घालून बसायचे मी. त्या ट्रायलच्या आधीच्या मंगळवारी हा भाजला. सायलेन्सर उजवीकडे आहे, मिस्टर संटर. माझ्या पायाला विचारा. तुमच्या फिल्मनं मला डावखुरी केलंय का हो? केलं असेल."

"केलंय," थर्झा म्हणाली. राजांच्या, बिशपांच्या, मठाधिपतींच्या शेकडो मोहरा तिने भिंगाखाली पाहिल्या होत्या. इतकी अस्सल एकही नव्हती आणि ती आयुष्यभर तिच्यासमोर लोकरी मोज्यात झाकलेली होती.

मिस्टर संटर आधी गोंधळले, मग पडद्याजवळ गेले आणि मग कानांपर्यंत लाल झाले. सज्जन माणूस होता. अर्ज त्याने स्वतःच घडी घालून खिशात ठेवला. "मी तुमच्या डोळ्यांबद्दल बोललो," तो म्हणाला. "ते बोलायला नको होतं."

"चहा घ्या," हॅना म्हणाली. "डिलिस, यांना केक दे. मोठा दे."

"आई," क्लेम म्हणाला. त्याचा आवाज बारा वर्षांच्या मुलासारखा निघाला. "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं तर सही करायला का निघालीस?"

हॅनाने मोजा वर ओढला. बराच वेळ ओढत राहिली.

"पाय टेकलेला मी पाहिला होता. त्यात कधी शंका नव्हती. पण तुमची फिल्म आली, सगळे म्हणायला लागले, टेकलाच नाही. मग मला भीती वाटली. मी खूण केली ना, त्यानंतरचं. ते तुम्हाला कोणाला माहीत नाही. मला वाटलं, मी खरंच चुकले असेन आणि त्यानं फक्त माझी लाज राखली असेल. तसं असेल तर सगळं आयुष्य त्यानं माझ्याशी सभ्यपणानं काढलं म्हणायचं. मला सभ्यपणा नको होता त्याच्याकडून."

"त्यानंतरचं म्हणजे?" डिलिसने विचारलं.

थर्झा उठली. रीळ अकरा सेकंदांचं नव्हतं. मिस्टर संटरांनी प्रत्येक वेळी अकराव्या सेकंदाला थांबवायला सांगितलं होतं, कारण त्यांना हवं ते तिथे संपत होतं. तिने इतरांचे प्रबंध याच कारणासाठी परत पाठवले होते आणि आज दुपारभर स्वतः तेच केलं होतं. तिने क्लेमच्या हातातून रिमोट घेतला आणि चित्र पुढे चालू दिलं.

बारा, तेरा. गाडी कातळाच्या माथ्यावर, टप्पा संपतो तिथे पोचली आणि थांबली. मागे, काठावरची मुलगी अजून कार्डावर वाकलेली होती. तिने अजून फळी उचललेली नव्हती, कोणाला आकडा दाखवला नव्हता. टोपीवाला तरुण खोगिरावर वळला. त्याने हँडल सोडलं आणि हात वर केला.

"काय करतोय?" हॅनाने विचारलं. "क्लेम, काय करतोय तो?"

"हात वर केलाय," क्लेम म्हणाला. "एक बोट, आई. तुला एक बोट दाखवतायत. तू वर बघायच्या आधीच."

"एकच ना?"

"एकच."

"हसतोय?"

क्लेमला पुढचं नीट दिसेना. उत्तर डिलिसने दिलं. लिस्टर फॉसेटची मुलगी सासूच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली होती.

"हसतायत, हॅना. दात दिसतायत सगळे."

हॅनाने कप हातात घेतला, तो गार झाला आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तरीही तिने तो खाली ठेवला नाही.

"कुठला हात वर केलाय?" तिने विचारलं.

"डावा," क्लेम म्हणाला.

"म्हणजे उजवा," हॅना म्हणाली आणि चहा प्यायली.